चिंधीचा वास

काकांना कारखान्यात सगळे ‘नाकवाले’ म्हणायचे. नवा माणूस आला की हे नाव ऐकून आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि गोंधळायचा, कारण नाक अगदी साधं होतं. बसकं, जरासं डावीकडे कललेलं. मग कुणीतरी त्याला मागच्या शेडमध्ये हौदापाशी घेऊन जायचं. तिथे काका डोळे मिटून हौदावर वाकलेले असायचे. एक लांब श्वास आत, तोंड बाजूला वळवून तो बाहेर, मग पुन्हा एक छोटा श्वास. एवढं झालं की म्हणायचे, “हं, सोडा कापड,” नाहीतर म्हणायचे, “ओतून द्या.” दुसरं वाक्य क्वचित यायचं, पण आलं की त्यावर चर्चा होत नसे.

कारखाना फळांच्या रसाचा. डाळिंब आणि मोसंबी. रस बाटल्यांत बसून पुढच्या दारानं ऐटीत जायचा आणि साली मागच्या दारानं ढकलल्या जायच्या. काका पूर्वी त्या साली ढकलगाडीत भरून लांबच्या खड्ड्यात टाकून यायचे. तेव्हा त्यांना कुणी नाकवाले म्हणत नव्हतं. उलट घरी आले की काकू दारातूनच सांगायची, “आधी अंघोळ, मग घर.”

मग मॅडम आल्या. रसायनशास्त्र शिकलेल्या, पस्तिशीच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी मागची पत्र्याची शेड घेतली आणि खड्ड्याकडे निघालेल्या साली वाटेतच अडवल्या. डाळिंबाच्या साली उकळून त्यांचा काढा करायचा. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात, मग या काढ्यात बुडवायचं, आणि शेवटी मोसंबीच्या सालींतून काढलेली चिकट खळ त्यावर पातळ बसवायची. सावलीत वाळलं की कापड फिक्या मधाच्या रंगाचं दिसायचं. हाताला काहीच लागायचं नाही, पण त्या चादरी घामाचा, अंगाचा वास धरून ठेवायच्या नाहीत आणि लवकर कुबट व्हायच्या नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी त्या केल्या होत्या.

काका शेडमध्ये गेले ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. काकू तेव्हा नुकतीच अंथरुणाला खिळली होती.

काकूचं इस्त्रीचं दुकान होतं, घराच्या खालच्याच खोलीत. एका सकाळी कपड्यांचं गाठोडं घेऊन जिना उतरताना पाय घसरला. पाठीवर आपटली. कमरेखालचं अंग तेव्हापासून तिचं राहिलं नाही. चिमटा काढला तरी कळत नसे. “माझे पाय आता पाहुणे आहेत,” ती म्हणायची. “राहतात माझ्याकडे, पण कामाला हात लावत नाहीत.” दुकान बंद झालं. इस्त्रीचं टेबल वर आणून त्याच्यावर औषधं मांडली.

मॅडमच्या शेडमध्ये काकांच्या नाकाचा शोध अपघातानं लागला. साली ओल्या राहून आतून बुरसल्या, तर काढ्याचा रंग तसाच लालसर पिवळा येतो, पण तो कापडाला धरत नाही. धुता धुता निघून जातो. मॅडमकडे यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या होत्या. पट्टी काढ्यात बुडवायची, डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची. काकांनी एकदा पट्टीच्या आधीच सांगितलं, हा खराब आहे. पुढच्या वेळी पुन्हा सांगितलं. वर्षानुवर्षं ताज्या आणि कुजक्या सालींमध्ये वावरलेलं नाक होतं ते. सहा महिन्यांत पट्ट्यांची डबी फळीवर गेली आणि तिच्यावर धूळ बसली.

“नाकवाले, पट्टीला सर्दी होत नाही हो,” तुरटीच्या हौदावर काम करणाऱ्या बाई चिडवायच्या.

“सर्दी होत नाही, पण अक्कलही नसते,” काका म्हणायचे.

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की शेडमधल्या सगळ्यांना पाठ होतं. पुढे तेच त्यांच्या घशात अडकलं.

त्या हिवाळ्यात काकांना ताप आला. आठवडाभर अंगात होता, मग गेला. कामावर परत जायच्या आदल्या सकाळी त्यांनी दूध तापत ठेवलं आणि शेगडीशेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले. शेजारच्या वहिनी धावत आल्या. “अहो, काय जळतंय? दार का नाही उघडत?” खोलीत धूर होता. पातेलं काळं पडलं होतं. काका वर्तमानपत्र हातात धरून पातेल्याकडे बघत राहिले.

“डोळा लागला,” ते म्हणाले.

काकू पलंगावरून बघत होती. 

त्या दिवशी त्यांनी घरातलं सगळं हुंगून पाहिलं असणार. साबण, रॉकेलचा दिवा, लिंबू, चपला. दुसऱ्या दिवशी हौदावर वाकले तेव्हा तोंडावर गरम वाफ आली, बाकी काही नाही. सगळे त्यांच्याकडे बघत उभे होते. काकांनी लांब श्वास घेतला, बाजूला सोडला, छोटा श्वास घेतला, आणि म्हणाले, “आज नको. काढा रात्रभर निवू दे. गरम वाफेत नाक फसतं.”

मॅडमना ते पटलं. त्यांनी तसा नियमच करून टाकला. शेडमध्ये सगळे म्हणाले, बघा, इतक्या वर्षांनीही माणूस नवं शिकतो.

संध्याकाळी काकांनी एक सुती चिंधी काढ्यात बुडवली, पिळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि घरी आणली.

“हे घे,” ते काकूला म्हणाले. “दिवसभर छताकडे बघून कंटाळतेस. वास घे आणि सांग कसा आहे ते. माझा धडा घेतेस की नाही बघू.”

“मी का तुमच्या शाळेत नाव घातलंय?”

“घे तर खरं.”

काकूनं चिंधी नाकाशी धरली. तिचंही नाक काही कच्चं नव्हतं. इस्त्रीखाली कापड करपायच्या आधी, अगदी क्षणभर आधी, एक वास येतो. त्या वासावर तिनं उभी हयात इस्त्री उचलली होती. ती म्हणाली, “तुरट आहे. ओल्या लाकडासारखा. मागून थोडा गोड.”

काका हसले. “बरोबर,” ते म्हणाले. बरोबर आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, पण चांगल्या काढ्याचा वास त्यांच्या आठवणीत असाच होता. सकाळी शेडमध्ये जाऊन त्यांनी वाकायचं नाटक केलं आणि म्हणाले, “सोडा कापड.”

मग ते रोजचंच झालं. मी, त्यांची पुतणी, सुट्टीत त्यांच्याकडे गेले की बघायची. काका आत आले की काकू आधी हात पुढे करायची, पाणीबिणी नंतर. “आणा तुमची परीक्षा.” एखाद्या दिवशी म्हणायची, “आज जरा उग्र आहे, साली जास्त पडल्यात.” एखाद्या दिवशी नाक मुरडायची. “शी, याला आंबट धार आहे. भिजलेली गोणपाटं कोपऱ्यात राहिल्यासारखी.” दुसऱ्या दिवशी काका शेडमध्ये “ओतून द्या” म्हणायचे. काकूच्या आवाजात तेव्हा मालकिणीचा रुबाब आलेला असायचा. मला वाटायचं, काका किती मायेनं तिला कामात ओढून घेतात. ते खोटं नव्हतं. फक्त तेवढंच नव्हतं.

घरात आणखी एक रीत होती, आणि ती काकूची होती. रोज संध्याकाळी काका तिचं अंग पुसायचे, कपडे बदलायचे, अंथरूण नीट करायचे. तेव्हा दिवा बंद, पडदा ओढलेला. पहिल्या महिन्यापासून काकूनं हे ठरवलं होतं. “हातानं करा. बघू नका,” ती म्हणाली होती, आणि काकांनी कधी वाद घातला नाही. त्यांच्या हातांना सगळं पाठ झालं होतं. वहिनी दुपारी जेवण आणून द्यायच्या, केस विंचरून द्यायच्या, पण त्याच्या पलीकडे काकू कुणाला येऊ देत नसे.

उन्हाळ्यात शेडला मोठं काम मिळालं. वृद्धांच्या रुग्णालयातला एक आख्खा वॉर्ड, सगळ्या खाटांसाठी चादरी. नेमकं त्याच आठवड्यात साली चिरायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि साली ताडपत्रीखाली ढीग होऊन पडून राहिल्या. यंत्र सुरू झालं तेव्हा वरच्या साली कोरड्या, कडकडीत दिसत होत्या. काकांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती.

तुरटीवाल्या बाई जवळच होत्या. “काय म्हणतंय नाक?”

“उकळू तर दे आधी,” काका म्हणाले.

काढ्याला रंग सुरेख आला. त्या संध्याकाळी चिंधी आणताना काका वाटेत दोनदा थांबले, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. पिशवी उघडून चिंधी नाकाला लावली, मग दाताखाली धरली. तुरट लागली. तुरट तर खराब काढाही लागतो.

घरी आले तेव्हा काकूनं हात पुढे केला नाही. तोंड भिंतीकडे होतं.

“बरं नाही का?”

“उकडतंय.”

“जरा बघतेस? आज नीट बघ. मोठं काम आहे.”

काकूनं चिंधी घेतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ नाकाशी धरली. एकदा खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“चांगला आहे,” ती म्हणाली.

“नक्की? आंबट धार नाही ना?”

“चांगला आहे म्हटलं ना. किती वेळा विचाराल?”

सकाळी काकांनी सांगितलं, सोडा कापड. मॅडमनी विचारलं, “काका, साली बरेच दिवस पडून होत्या. तुम्ही नीट बघितलंत ना?”

“बघितलं.”

“मग झालं,” मॅडम म्हणाल्या. एरवी त्या प्रत्येक कामातला एक तुकडा पुन्हा पुन्हा धुऊन तपासायच्या. धुतलेल्या कापडाच्या कोपऱ्यावर गंजक्या खिळ्याचं पाणी टाकायचं. डाळिंबाचा काढा कापडात टिकला असेल तर तिथे शाईसारखा काळा डाग उठतो. या वेळी वॉर्डाची घाई होती. न धुतलेल्या कापडावर डाग काळाभोर उठला, आणि त्या कामाला लागल्या.

कापडाच्या टोकाची पहिली चादर थोडी असमान होते, ती विकता येत नाही. ती नेहमी काकांच्या घरी यायची. तशी याही वेळी आली आणि काकूच्या अंगाखाली गेली. पुढचे काही दिवस काका ती रोज धूत होते, कारण काकू रोज म्हणत होती, “चादर बदला,” आणि का ते सांगत नव्हती. पहिल्याच धुण्याला बादलीतलं पाणी तपकिरी झालं. काकांनी मनाला सांगितलं, जास्तीचा रंग असेल. दुसऱ्यालाही तसंच झालं. तिसऱ्याला ते बादलीपुढे नुसते उकिडवे बसून राहिले.

न्हाणीघराच्या दाराची बिजागरी गंजलेली होती. काकांनी चादरीचा ओला कोपरा तिच्यावर घासला आणि वाट पाहिली. फिकट पिवळसर रेघ उठली, गंजाचीच. मग दोरीवरची जुनी चादर ओढली, तिचा कोपरा भिजवून तिथेच घासला. काळी शाई ओतल्यासारखा डाग पसरला.

वॉर्डाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. गठ्ठे बांधून तयार होते.

काका हात पुसत आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. बाहेर अजून उजेड होता. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

“त्या दिवशीच्या चिंधीला वास कसा होता?” त्यांनी विचारलं.

“कुठल्या दिवशीच्या?”

“तुला माहीत आहे कुठल्या.”

काकूनं तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, “मला कळला नाही.”

“म्हणजे? सर्दी होती?”

“नाही.” तिनं पदर तोंडापाशी ओढला. “इथेच वास येत होता. त्याच्यापुढे मला दुसरं काही कळेना.”

“इथे म्हणजे कुठे?”

“माझ्याच अंगाला. बरेच दिवस झाले. मला वाटलं, पुसणं नीट होत नसेल. तुम्ही दमून येता. कसं सांगायचं.”

“मग तेव्हाच म्हणायचं ना, मला कळत नाही म्हणून. मी काय खाल्लं असतं तुला?”

“तुम्ही म्हणालात का मला?”

काकांनी झटकन वर पाहिलं.

“ताप उतरल्यापासून तुम्हाला वास येत नाही,” काकू म्हणाली. “दूध करपलं त्या दिवसापासून.”

“तुला तेव्हाच कळलं?”

“तेव्हा शंका आली. कळलं नंतर.” तिचा आवाज अगदी खाली गेला. “पहिल्यापासून तुम्ही माझं करताना श्वास धरता. माहीत आहे, तुम्हाला वाटतं मला कळत नाही. अंधारात सगळं ऐकू येतं हो. इतकी वर्षं रोज धरत होतात. तापानंतर धरायचं सोडलंत. शेजारी बसून बोलायला लागलात, काम झालं तरी उठत नव्हतात. मला बरं वाटलं. वाटलं, जाऊ दे, नाहीच आला यांना वास तर किती छान.”

 काका उठले आणि दिव्याच्या बटणापाशी गेले.

“दिवा नको,” काकू म्हणाली.

“आज हवा.”

“नको म्हणते ना.”

काकांनी दिवा लावला. तिला कुशीवर वळवलं, कपडा बाजूला केला. कमरेच्या खाली, हाड जिथे गादीला टेकतं, तिथे तळहातात मावेल एवढी जखम होती. कडा काळपट, मध्ये ओलं. इतके दिवस त्यांचे हात त्या जखमेच्या आसपास फिरत होते. ओलसर लागलं की ते पुसून घेत होते, पावडर टाकत होते. त्यांना वाटायचं, घाम आहे.

“दुखत नाही?” त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर लक्षात आलं.

“मला कसं दुखेल,” काकू म्हणाली. “काय आहे? सांगा ना, काय आहे?”

सकाळी वहिनींच्या मुलाची रिक्षा आली. दोघांनी मिळून काकूला खाली उतरवलं, त्याच जिन्यावरून. दवाखान्यात गर्दी होती. काका चाकांच्या खुर्चीमागे उभे होते आणि सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आता गाडी शेडला लागली असेल. आता गठ्ठे चढवत असतील. खिशातला फोन त्यांनी काढला, पुन्हा आत ठेवला. काकूनं मान वळवून ते पाहिलं.

“मॅडमना सांगितलंत का?”

“सांगतो.”

“कधी? चादरी अंथरल्यावर?”

तेवढ्यात आतून हाक आली.

जखम बांधणाऱ्या सिस्टर वयानं मोठ्या होत्या, हाताला हलक्या, तोंडाला फटकळ. काकूला पालथं झोपवून त्यांनी जखम धुतली. “एवढी होईपर्यंत काय करत होते घरचे सगळे?” त्यांनी कुणाला उद्देशून न म्हणता म्हटलं. मग काकांना समजावून सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. रोज उजेडात बघायचं. “आणि वास घ्यायचा. रोज सकाळी, पट्टी काढल्यावर, अगदी जवळून. वास वाढला की आत पू धरतोय. त्या दिवशी लगेच घेऊन यायचं, दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. कळलं?”

काकांनी मान हलवली.

“कळलं का?”

“हो,” काका म्हणाले.

काकूचं तोंड उशीत होतं. तिथूनच तिचा आवाज आला. “यांना वास येत नाही, सिस्टर. ते नुसती मान हलवतात.”

सिस्टरनी काकांकडे पाहिलं. “अजिबात नाही?”

काकांनी काकूच्या उशीकडे पाहिलं. मग म्हणाले, “अजिबात नाही.”

“मग आधी नाही का सांगायचं? दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा. घरात बाई नाही का कुणी?” एवढं म्हणून त्या पुढची पट्टी कापायला लागल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं, खोलीतला पंखा फिरत होता. इतके महिने उराशी धरलेली गोष्ट एका अनोळखी बाईनं ऐकली होती आणि कात्री शोधायला लागली होती.

काका बाहेर व्हरांड्यात आले आणि त्यांनी फोन लावला.

“मॅडम, गाडी थांबवा.”

“गाडी गेली की मघाशीच. काय झालं? काकू कशा आहेत?”

“त्या चादरी परत आणा. काढा खराब होता.”

“खराब कसा? तुम्ही वास घेतला होतात ना?”

व्हरांड्यात बाकांवर माणसं बसली होती. काका भिंतीकडे वळले, पण आवाज खाली आणला तर फोनवर ऐकू जाईना. म्हणून ते मोठ्यानंच म्हणाले, “नव्हता घेतला. मला वास येत नाही. हिवाळ्यात ताप आला तेव्हापासून येत नाही.”

 मग मॅडम म्हणाल्या, “मी येते जाऊन वॉर्डात,” आणि फोन बंद झाला.

चादरी वॉर्डात पोचल्या होत्या. काही खाटांवर घातल्याही होत्या. मॅडमनी स्वतः उभं राहून त्या काढायला लावल्या. एकेका म्हाताऱ्या माणसाला उचलायचं, खालची चादर ओढून घ्यायची, दुसरी घालायची. एक आजोबा म्हणे चादर सोडायलाच तयार नव्हते; रंग आवडला होता त्यांना. वॉर्डानं पुढे शेडला काम दिलं नाही. काम देणार होती अशी आणखी दोन ठिकाणं होती, तिथूनही निरोप आला नाही.

काका दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तेव्हा मॅडम परत आलेले गठ्ठे सोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“एकदा सांगायचं होतंत,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला काय वाटलं, मी काढून टाकलं असतं?”

“हो.”

मॅडम थांबल्या. गठ्ठ्याची दोरी हाताला गुंडाळत राहिल्या. “टाकलंही असतं कदाचित,” त्या म्हणाल्या. “माहीत नाही. पण पट्ट्या होत्या ना फळीवर. निदान त्या तरी वापरायच्या.”

पट्ट्या का वापरल्या नाहीत, हे काकांना सांगता आलं नाही. फळीवर हात गेला असता तर सगळ्यांनी पाहिलं असतं. त्यांच्याच तोंडचं वाक्य कुणीतरी त्यांना हसत हसत ऐकवलं असतं, आणि त्या हसण्यात त्यांना सामील व्हावं लागलं असतं. एवढीच अडचण होती. वॉर्डभर माणसांच्या पाठी एका बाजूला आणि ही अडचण दुसऱ्या बाजूला. मला हे सांगताना ते स्वतःवरच थक्क झाल्यासारखे दिसत होते.

त्यांना काढलं नाही. ते आता साली चिरतात आणि पसरतात. हौदावर तुरटीवाल्या बाई वाकतात आणि पट्टीही बुडवतात, दोन्ही. डबी फळीवरून खाली आली आहे. नाव मात्र तेच राहिलं. “नाकवाले, टोपली इकडे द्या,” कुणीतरी सहज म्हणतं. पहिले काही दिवस म्हणणारा जीभ चावायचा. आता कुणी चावत नाही, आणि काका टोपली देतात.

घरी चिंधी येत नाही. काकूनं एकदा विचारलं, “आज काढा कसा होता?” काका म्हणाले, “मला काय माहीत. बाई म्हणाल्या बरा आहे.” तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यांचा तो खेळ दोघांनाही आवडत होता, ही गोष्ट आता बोलता येण्यासारखी राहिली नव्हती.

रोज सकाळी वहिनी येतात. काकूनं याला बरेच दिवस नकार दिला, रडली, एकदा वहिनींना दारातून परत पाठवलं. शेवटी सिस्टरांनी दमात घेतलं तेव्हा मानली. पडदा उघडा असतो, दिवा लावलेला असतो. काका तिला कुशीवर वळवतात, पट्टी सोडतात. वहिनी पदर खोचून खाली वाकतात, अगदी जवळ, सिस्टरांनी सांगितलं तशा. काकू डोळे घट्ट मिटते. तिला परक्या बाईचा श्वास कमरेखाली कळत नाही, पण तो ऐकू येतो.

पहिल्या दिवशी काका पट्टी सोडून दाराकडे निघाले होते. त्यांना वाटलं, तिला दोघांसमोर आणखी लाज वाटेल.

“तुम्ही कुठे निघालात?” काकू डोळे न उघडता म्हणाली.

“इथेच आहे.”

“इथे म्हणजे इथे या. डोक्याशी.”

ते तिच्या डोक्याशी येऊन बसले. तेव्हापासून तिथेच बसतात. वहिनी वाकल्या की ते वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. कपाळावर आठी पडते का, नाकपुडी हलते का. जखम भरायला वेळ लागेल, असं सिस्टर म्हणतात. कधी म्हणतात, वय बघता भरेलच असं नाही. वहिनी सरळ होतात, पदर सोडतात. “कालच्यासारखाच आहे,” त्या म्हणतात. कधी म्हणतात, “आज जरा कमी वाटतो.”

एकदा त्या काहीच बोलल्या नाहीत. पुन्हा वाकल्या. काकांच्या मांडीवर काकूचं डोकं होतं, आणि तिच्या लक्षात आलं की काकांनी श्वास धरला आहे.